स्ट्रिप सॉफ्टबॉक्स: लहान स्टुडिओत प्रकाशाला आकार कसा द्यायचा

केसांच्या कडेने जाणारी चमकती रेघ, खांद्यावरून खाली उतरणारा प्रकाशाचा पट्टा, बाटलीच्या मानेपासून बुडापर्यंत न तुटता गेलेली पांढरी रेषा. ही तिन्ही कामं स्ट्रिप सॉफ्टबॉक्सची, म्हणजे फ्लॅशवर लावायच्या, समोर पांढरा पडदा असलेल्या लांब आणि अरुंद कापडी बॉक्सची. पण नवीन स्ट्रिप आणून लावली की पहिल्या दिवशी बहुतेकांना वेगळंच मिळतं: सगळा फोटो धुरकट, नाकाच्या शेंड्यावर भलताच पांढरा ठिपका आणि बाटलीवर अर्ध्यातच संपलेली चमक. याचं कारण बहुधा एकच असतं. स्ट्रिपकडे ‘छोटा सॉफ्टबॉक्स’ म्हणून बघितलं जातं. तिची लांबी आणि रुंदी दोन वेगळी कामं करतात, आणि ती दोन कामं कळली की बॉक्स कुठे ठेवायचा हे जवळजवळ आपोआप ठरतं.

पुढचं सगळं ३० × १२० सेंटिमीटरची स्ट्रिप, २०० ते ४०० वॅट-सेकंदांचा स्टुडिओ फ्लॅश आणि साधारण १० × १४ फुटांची खोली धरून लिहिलं आहे. बाजारात २२ × ९० आणि ३५ × १६० ही मापंही सहज मिळतात. चेहरा आणि बाटल्या एवढंच काम असेल तर २२ × ९० पुरते. साडीतली उभी व्यक्ती नखशिखांत घ्यायची असेल तर १६० ची बरी. दोन स्ट्रिप घ्यायच्या असतील तर एकाच बनावटीच्या घ्या. वेगवेगळ्या बॉक्सच्या पडद्यांच्या पांढऱ्यात फरक असतो, आणि तो डाव्या-उजव्या गालावर दिसतो.

लांबी एक काम करते, रुंदी दुसरं

सावलीची कड मऊ होणार की ठसठशीत, हे बॉक्सचं माप फुटपट्टीवर किती यावरून ठरत नाही. वस्तूच्या जागेवरून बॉक्स किती मोठा दिसतो, त्यावर ते ठरतं. एक मीटरवर उभी ठेवलेली ३० × १२० ची स्ट्रिप उंचीत सुमारे ६२ अंश व्यापते आणि रुंदीत फक्त १७ अंश. म्हणजे एकाच दिव्यातून दोन जातींच्या सावल्या पडतात. हनुवटीखालची, भुवईखालची, अशा आडव्या कडा विरघळतात. नाकाच्या बाजूची उभी कड मात्र बऱ्यापैकी स्पष्ट राहते.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर पांढऱ्या भिंतीपासून दोन मीटरवर स्ट्रिप उभी ठेवा, मॉडेलिंग लॅम्प (फ्लॅशमधला सतत जळणारा दिवा) लावा, खोलीतले बाकीचे दिवे घालवा आणि भिंतीपासून पाच सेंटिमीटरवर एक पेन्सिल उभी धरा. सावली दिसेल. तीच पेन्सिल आडवी करा, सावली जवळजवळ नाहीशी होईल. पाच मिनिटांचं काम आहे, पण ते केल्याशिवाय पुढे जाऊ नये असं आमचं स्पष्ट मत.

यातून लगेच एक उपयोगाची गोष्ट निघते. नऊवारीच्या किंवा पैठणीच्या निऱ्या उभ्या असतात. उभ्या स्ट्रिपचा प्रकाश बाजूने आला की प्रत्येक निरी वेगळी उठून दिसते, कारण उभ्या कडांच्या बाबतीत हा दिवा अरुंद आहे. तीच स्ट्रिप आडवी करून डोक्यावरून लावली तर निऱ्या सपाट होतात. कापड दाखवायचं असेल तर उभी, लपवायचं असेल तर आडवी.

अंतराचा हिशेबही इथे थोडा निराळा आहे. अंतर दुप्पट झालं की प्रकाश चौथाई होतो, म्हणजे दोन स्टॉप उतरतो (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा किंवा दुप्पट), हे पाठ असतं. पण ते लहान दिव्याला लागू. स्ट्रिप जवळ असताना तिची दोन टोकं अंतराच्या मानाने फार लांब असतात, म्हणून १२० ची, ग्रिड (प्रकाश बाजूला सांडू न देणारी चौकोनी खणांची जाळी) नसलेली स्ट्रिप ३० वरून ६० सेंटिमीटरवर नेली तर साधारण सव्वा स्टॉपच कमी होतो. एक मीटरवरून दोन मीटरवर नेली तर पावणेदोन स्टॉप. त्यापुढे मात्र नेहमीचा दोन स्टॉपचा नियम लागू पडतो. जवळच्या कामात स्ट्रिप हलवल्यावर पाठांतराने पॉवर दुप्पट-चौपट करत बसू नका. एक स्टॉप वाढवा, फोटो बघा, मग ठरवा.

जोडणी आणि पहिली तपासणी

आधी माउंट, म्हणजे बॉक्स फ्लॅशला अडकतो ती जागा, बघा. आपल्याकडे मिळणाऱ्या बहुतेक स्टुडिओ फ्लॅशना बोवेन्स माउंट असतो. बोवेन्स ही ब्रिटिश कंपनी २०१७ मध्ये बंद पडली, पण तिचा तीन खाचांचा माउंट गोडॉक्ससकट अनेकांनी आपलासा केल्यामुळे टिकून आहे. प्रोफोटो आणि एलिंक्रोमचे माउंट वेगळे. त्यांच्यासाठी त्या-त्या मापाची स्पीडरिंग, म्हणजे बॉक्स फ्लॅशला जोडणारी रिंग, घ्यावी लागते.

१. फ्लॅशवरची काळी प्लास्टिकची टोपी आणि गोल धातूचा रिफ्लेक्टर काढा. टोपी तशीच ठेवून मॉडेलिंग लॅम्प लावला की ती वितळते. ट्यूबच्या काचेला उघड्या बोटांनी हात लावू नका.

२. कापड जमिनीवर चादरीवर पसरा, चंदेरी बाजू वर. चारही रॉड कोपऱ्यातल्या खिशांत घाला.

३. रिंगमध्ये आधी समोरासमोरच्या कोपऱ्यांतले दोन रॉड बसवा, मग तिसरा. चौथा सगळ्यात ताठ असतो. तो बसवताना चेहरा बाजूला ठेवा, कारण सुटला तर थेट डोळ्याकडे येतो. दर वेळी ही झटापट नको असेल तर छत्रीसारखी उघडणारी स्ट्रिप घ्या. ती थोडी जड असते, पण बाहेर जाऊन शूट करणाऱ्याने दुसरी घेऊच नये.

४. आतला पडदा हुकांना किंवा बटणांना लावा. तो वगळायचा नाही.

५. बाहेरचा पडदा लावताना वेल्क्रो आधी चार कोपऱ्यांत चिकटवा, मग मधे. एका टोकापासून सुरुवात केली की दुसऱ्या टोकाला सुरकुत्या येतात. पोर्ट्रेटमध्ये त्या दिसणार नाहीत. काचेच्या वस्तूवर दिसतील.

६. ग्रिड सगळ्यात शेवटी, कडेच्या उरलेल्या वेल्क्रोवर.

उभ्याचा आडवा बॉक्स करताना रिंगचा स्क्रू सैल करून बॉक्स फिरवा. फ्लॅश किंवा स्टँड तिरपा करायची गरज नाही. आणि बॉक्सचा कोन बदलताना फ्लॅशचं हँडल एका हातात, बॉक्सची मागची बाजू दुसऱ्या हातात. नुसतं बॉक्सच्या टोकाला धरून ओढलं की १२० सेंटिमीटरचा तो दांडा माउंटवर एवढा जोर देतो की काही महिन्यांत रिंग डगमगायला लागते. स्टँडच्या पायावर वाळूची पिशवी हवीच. चार-पाच किलो पुरते. बूमवर (स्टँडवरच्या आडव्या दांड्यावर) लावायचं असेल तर दुप्पट.

जोडून झाल्यावर लगेच मॉडेल बसवू नका. बॉक्सचं तोंड कॅमेऱ्याकडे वळवा, फ्लॅशची पॉवर सगळ्यात कमी करा, आयएसओ १००, शटर १/१२५, अ‍ॅपर्चर एफ १६ किंवा एफ २२ ठेवून बॉक्सचाच फोटो काढा. बॉक्स पांढराफटक न येता राखाडी यायला हवा. आता मधला भाग आणि दोन टोकं यांची तुलना करा. अर्ध्या स्टॉपचा फरक चालतो. एक स्टॉपच्या वर गेला की ती १२० ची स्ट्रिप नावापुरतीच, कामाला ६० चीच उरते.

टोकं अंधारी राहण्याचं नेहमीचं कारण म्हणजे आत कॅमेऱ्यावरचा स्पीडलाइट लावलेला असणं. त्याचं डोकं प्रकाश समोर फेकतं, बाजूला नाही. त्याची वाइड पट्टी बाहेर ओढा, झूम सगळ्यात कमी करा. तरीही भागलं नाही तर उघड्या ट्यूबचं डोकं असलेला फ्लॅश, उदाहरणार्थ गोडॉक्स एडी २००, हा खरा उपाय. स्टुडिओ फ्लॅशमध्येही मधे डाग दिसत असेल तर आतल्या पडद्याच्या मध्यावर १५ सेंटिमीटरचा ट्रेसिंग पेपरचा चौकोन टाचा. मात्र मॉडेलिंग लॅम्प हॅलोजन असेल तर आत कागद अजिबात नको. त्या दिव्याची उष्णता बंद बॉक्समध्ये साठते, आणि हॅलोजन लावून ठेवून जेवायला जाणं हे तर कागद नसतानाही धोक्याचंच.

कॅमेऱ्याची बाजू

आयएसओ १००, शटर १/१२५ ते १/१६०, अ‍ॅपर्चर एफ ८. व्हाइट बॅलन्स ऑटोवर नको. ५५०० केल्विनच्या आसपास ठेवा. सगळे फ्लॅश बंद ठेवून एक फोटो काढा. तो पूर्ण काळा आला पाहिजे. त्यात खिडकी किंवा ट्यूबलाइट दिसत असेल तर पडदा ओढा. शटर १/२०० किंवा १/२५० च्या पुढे नेऊन खोली काळी करायचा मोह आवरा; सिंकची (फ्लॅश आणि शटर जुळण्याची) मर्यादा ओलांडली की फोटोच्या एका कडेला काळा पट्टा येतो. स्वस्त ट्रिगरवर तो १/२०० लाच दिसू शकतो.

मागून दोन स्ट्रिप: केसांची आणि खांद्यांची कड

आपल्याकडे बसणाऱ्या बहुतेकांचे केस काळे असतात आणि स्टुडिओत मागे लावायला पहिला घेतला जाणारा पडदाही काळाच. दोन्ही एकमेकांत विरतात. रिम लाइटचं, म्हणजे मागून कड उजळणाऱ्या दिव्याचं, पहिलं काम डोकं पडद्यापासून सोडवणं, नाट्यमयता नंतर.

व्यक्तीला पडद्यापासून पाच फुटांवर बसवा. वरून बघितलेल्या घड्याळात ती मध्यावर आहे, कॅमेरा ६ वर आणि पडदा १२ वर, असं धरा. स्ट्रिप १:३० आणि १०:३० वर, व्यक्तीपासून चार फुटांवर, उभ्या, ग्रिडसकट. दहा फूट रुंद खोलीत फ्लॅशची मागची बाजू भिंतीला लागायच्या बेतात येते, पण बसतं. ८५ मिलिमीटरच्या लेन्सने सहा-सात फुटांवरून डोकं आणि खांदे घेतले तर दोन्ही बॉक्स चौकटीबाहेर राहतात. पूर्ण उभा फोटो मात्र १४ फुटांत ५० मिलिमीटरनेही कष्टाने बसतो. त्यासाठी ३५ वर यावं लागतं आणि मग बॉक्स दिसायला लागतात. जागा नसेल तर हा हट्ट सोडावा.

बॉक्सचा मध्य खांद्याच्या थोडा वर. तोंड थेट व्यक्तीच्या कानाकडे न रोखता किंचित मागे, पडद्याच्या बाजूला वळवा, म्हणजे व्यक्तीवर प्रकाशाची फक्त कड पडेल. मधला झोत केसांवर आला की रेघेऐवजी पांढरा डाग होतो.

आता दिवे एकेक करून लावा. सगळे एकदम लावून ‘काहीतरी चुकतंय’ म्हणत बसण्यात तास जातो. फक्त डावा लावा, फोटो काढा. गालाच्या हाडावर पातळ रेघ हवी; नाकाच्या शेंड्यावर ठिपका दिसला तर स्ट्रिप पुढे आली आहे, ती वितभर मागे न्या. डावा बंद, उजवा लावा, तेच बघा. मग दोन्ही बंद करून समोरचा मुख्य दिवा एकटा. शेवटी तिन्ही.

पॉवरचं गणित: मुख्य दिवा लाइट मीटरवर एफ ८ दाखवत असेल तर रिम एफ ५.६ पासून सुरू करा. मागून तिरका येणारा प्रकाश त्वचेवरून आणि केसांवरून आरशासारखा परततो, त्यामुळे मीटर दाखवतो त्यापेक्षा तो जास्त उजळ भासतो. काळे, तेल न लावलेले केस आणि गडद कपडे असतील तर एफ ८ पर्यंत वाढवा. पांढरा कुर्ता असेल तर एफ ५.६ सुद्धा जास्त होऊ शकतो. कॅमेऱ्यातला जळलेला भाग लुकलुकून दाखवणारा इशारा सुरू ठेवा. मीटर नसेल तर याच इशाऱ्यावर काम भागतं.

फोटो धुरकट येत असेल तर एकाने कॅमेऱ्याशेजारी उभं राहून मॉडेलिंग लॅम्पमध्ये लेन्सच्या पुढच्या काचेकडे बघावं. काचेवर प्रकाश पडताना दिसला तर तोच फ्लेअर. लेन्स हूड लावा. पुरलं नाही तर बॉक्स आणि लेन्स यांच्या मधे काळा सनबोर्ड उभा करा. ग्रिडमुळे हे बरंच आटोक्यात येतं. कापडी ग्रिड साधारण एक स्टॉप प्रकाश खाते, तेवढी पॉवर वाढवावी लागते. ग्रिड महाग वाटते म्हणून वगळली जाते, आणि मग दोन्ही भिंतींवर सांडलेला प्रकाश परत चेहऱ्यावर येऊन सावल्या भरून टाकतो. लहान, पांढऱ्या भिंतींच्या खोलीत ग्रिडशिवाय स्ट्रिप घेण्यात अर्थ नाही.

पैलवान किंवा व्यायामपटू असेल तर समोरचा दिवा पूर्ण बंद ठेवून या दोनच स्ट्रिपवर एक फोटो घ्या. छाती आणि पोट यांच्या मधोमध अंधार राहतो आणि स्नायूंच्या उंचवट्यांवर फक्त कडा उठतात. अंगाला तेल असेल तर ते हाताने पातळ पसरून टॉवेलने टिपून घ्या. थेंब राहिले तर प्रत्येक थेंब पांढरा ठिपका होतो, आणि ते नंतर पुसत बसणं हे कुणाच्याही नशिबी येऊ नये.

चेहऱ्यावर एकच स्ट्रिप

हे थोडक्यात, कारण मुख्य दिवा म्हणून स्ट्रिप ही पहिली निवड नव्हे. ४५ अंशांवरून, एक मीटरवरून लावली तर चेहऱ्याची एक बाजू झपकन अंधारात जाते. वयस्कर चेहरा, दाढी, सुरकुत्या यांना ते शोभतं. लग्नाच्या फोटोंसाठी बसलेल्या मुलीला शोभेलच असं नाही. दुसऱ्या बाजूला दोन फुटांवर पांढरं थर्माकोल धरलं की सावली एखाद स्टॉपने उघडते. डोळ्यांत उभी, बारीक चमक येते. काहींना ती आवडते, काहींना मांजरीच्या डोळ्यांसारखी वाटते. चष्मा असेल तर ती अख्खी काच व्यापते. बॉक्स आणखी बाजूला न्या आणि चष्म्याच्या काड्या कानावर अर्धा सेंटिमीटर उचला, म्हणजे काचा किंचित खाली झुकतात.

केसांसाठी बूमवर आडवी स्ट्रिप लावायची असेल तर डोक्याच्या वर ५०-६० सेंटिमीटर आणि थोडी मागे. इथेही कसोटी नाकच: शेंडा उजळला की बॉक्स पुढे आला. टक्कल असेल तर हा दिवा बंद.

काचेची बाटली: इथे स्ट्रिपला पर्याय नाही

कोकम सरबताची ७५० मिलिलिटरची बाटली घेऊ: उंची सुमारे २८ सेंटिमीटर, व्यास सात, काच चकचकीत, मधे कागदी लेबल. चकचकीत वस्तूचा फोटो काढताना आपण तिच्यावर पडलेला प्रकाश टिपत नाही; तिच्यात दिसणारं बॉक्सचं प्रतिबिंब टिपतो. बॉक्सवरची सुरकुती, ग्रिडचे चौकोन, अंधारी टोकं, सगळं बाटलीवर जसंच्या तसं येतं. म्हणून इथे ग्रिड काढून ठेवा.

टेबल अरुंद हवं, ४० सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे बॉक्स दोन्ही बाजूंनी हवा तेवढा जवळ येतो. कॅमेरा दीड मीटरवर, १०० मिलिमीटरच्या आसपासची लेन्स, एफ ११, लेन्सची उंची बाटलीच्या मध्याएवढी. पडदा गडद राखाडी, बाटलीच्या मागे चार फुटांवर. बाटली सुती हातमोजे घालून पुसा आणि नंतर त्यानेच हाताळा.

फक्त डावी स्ट्रिप लावा, मॉडेलिंग लॅम्पवर, आणि कॅमेऱ्यातून बघा. स्ट्रिप बाटलीच्या बरोबर बाजूला, म्हणजे ९० अंशांवर असेल तर रेघ बाटलीच्या काठावर येत नाही. मध्यापासून काठापर्यंतच्या अंतराच्या साधारण ७० टक्क्यांवर येते, कारण गोल पृष्ठभागावर परावर्तनाचा कोन निम्म्यात वाटला जातो. रेघ काठाकडे सरकवायची असेल तर स्ट्रिप मागे न्या. १४० अंशांपर्यंत मागे नेली की ती ९० टक्क्यांच्या पुढे जाते. लेबलाकडे आणायची असेल तर कॅमेऱ्याच्या बाजूला आणा. हे बहुतेक जण उलटं करतात, बॉक्स जागीच ठेवून त्याचा कोन फिरवत राहतात. कोन फिरवून रेघ सरकत नाही, फक्त तिची रुंदी आणि उजळपणा थोडा बदलतो. रेघ सरकवायची तर बॉक्सची जागा बदलावी लागते.

रेघ किती जाड येणार हे अंतर ठरवतं. ३० सेंटिमीटर रुंद स्ट्रिप ६० सेंटिमीटरवर असेल तर सात सेंटिमीटर व्यासाच्या बाटलीवर सुमारे सहा मिलिमीटरची रेघ दिसते. ३० सेंटिमीटरवर आणली की ती अकरा मिलिमीटरच्या घरात जाते. एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला बारीक अशी जोडी बघायला बरी वाटते. दोन्ही सारख्या ठेवल्या की बाटली सपाट, चिकटवलेली दिसते.

रेघ बुडापर्यंत न पोचता मधेच तुटते, ही तक्रार कायमची. बॉक्स लहान पडला असं वाटतं, पण २८ सेंटिमीटरच्या बाटलीला या अंतरावर जेमतेम ४० सेंटिमीटर उंचीचा प्रकाश पुरतो, आणि आपल्याकडे १२० आहे. खरं कारण कॅमेऱ्याची उंची. कॅमेरा वरून खाली बघत असेल तर बाटलीचा खालचा भाग टेबलाच्या पातळीच्याही खालचं प्रतिबिंब दाखवतो, आणि तिथे टेबलाची कड किंवा अंधार असतो. कॅमेरा खाली आणा, नाहीतर स्ट्रिपचं खालचं टोक टेबलाच्या पातळीखाली वीतभर जाऊ द्या. अरुंद टेबल हवं ते यासाठीच.

आता रेघ सापडली, पण तिच्या दोन्ही कडा कापल्यासारख्या तीक्ष्ण असतील. त्या विरवायला बाटली आणि स्ट्रिप यांच्या मधे ट्रेसिंग पेपरचा मोठा ताव लटकवा. आर्किटेक्टच्या दुकानात ‘गेटवे’ म्हणून मिळतो तो चालतो. घडी पडलेला घेऊ नका, रोलमधून कापून घ्या. ताव बाटलीपासून १५ सेंटिमीटरवर, चौकटीच्या जरासा बाहेर. स्ट्रिप तावाला टेकवली तर रेघ पुन्हा तीक्ष्णच येईल. तावापासून २०, मग ३०, मग ४० सेंटिमीटर मागे नेत प्रत्येक वेळी एक फोटो काढा. मधोमध उजळ आणि कडेला विरत जाणारी चमक कुठे मनासारखी येते ते दिसेल. स्ट्रिप तावाला समांतर न ठेवता किंचित तिरपी केली की चमक एका बाजूला तीक्ष्ण आणि दुसऱ्या बाजूला विरणारी होते. महागड्या जाहिरातीतल्या बाटलीवर दिसते ती बहुधा हीच. ताव पुरेसा रुंद हवा, नाहीतर त्याची स्वतःची कड बाटलीत पुसट रेघ म्हणून दिसते.

लेबलाचं दुखणं वेगळं. ते कागदाचं, आरसा नव्हे. समोरून दिसणाऱ्या त्याच्या मध्यावर बरोबर बाजूने येणारा प्रकाश जवळजवळ पडतच नाही, म्हणून दोन्ही स्ट्रिप लागल्यावरही नाव अंधारात राहतं. कॅमेऱ्याच्या वरून आणि किंचित बाजूने पांढरा सनबोर्ड धरून थोडा प्रकाश परत पाठवा. त्याचं प्रतिबिंब बाटलीच्या खांद्यावर दिसलं तर बोर्ड आणखी वर उचला. ते जमत नसेल तर कॅमेरा ट्रायपॉडवर न हलवता फक्त लेबलासाठी वेगळ्या दिव्याचा दुसरा फोटो काढा आणि दोन्ही जोडा. यात काही कमीपणा नाही. जाहिरातीच्या कामात हे रोज चालतं.

कोकमाचा रंग अजून काळा दिसतोय? गडद द्रवाला मागून प्रकाश लागतो. चंदेरी कार्ड बाटलीच्या आकारात, पण दोन्ही बाजूंनी अर्धा-अर्धा सेंटिमीटर कमी कापून बाटलीच्या मागे, कॅमेऱ्याला दिसणार नाही असं टेकवा आणि त्याचं तोंड किंचित एका स्ट्रिपकडे वळवा. सरबत आतून लाल उजळतं. कार्ड मोठं राहिलं तर काचेच्या काठाशी चंदेरी किनार दिसते. तेवढं कापत जा. थंडगार दाखवायची असेल तर निम्मं पाणी आणि निम्मं ग्लिसरीन मिसळून बारीक फवारा मारा. नुसत्या पाण्याचे थेंब दिव्याखाली काही मिनिटांत ओघळतात. फवाऱ्याआधी लेबल झाका.

तांब्याच्या तांब्याला किंवा पितळी समईलाही हीच पद्धत, फक्त धातू आणखी चहाडखोर असतो: त्यात तुम्ही, कॅमेरा आणि खिडकी सगळं दिसतं. तांब्याचं पोट चारी बाजूंचं प्रतिबिंब घेतं, म्हणून दोन्ही बाजूंचे ताव पुढे आणून कॅमेऱ्यासाठी फक्त फट ठेवावी लागते, आणि फोटोग्राफरने काळा शर्ट घालावा.

काम संपल्यावर

पडदे हळूहळू पिवळे पडतात. वर्षातून एकदोनदा सौम्य साबणाच्या पाण्यात हाताने धुऊन सावलीत वाळवा, पिळू नका. नवा आणि जुना पडदा एकाच फोटोत वापरू नका. मुंबई, कोकण, गोव्याच्या दमट हवेत स्टीलच्या रॉडच्या टोकांना गंज चढतो आणि तो खिशातून कापडावर उतरतो. पावसाळ्यात बॉक्स बॅगेत कोंबून ठेवण्याआधी टोकं कोरड्या फडक्याने पुसा आणि बॅगेत सिलिका जेलच्या दोन पुड्या टाका. बॉक्स उतरवताना आधी ग्रिड, मग बाहेरचा पडदा, आणि रॉड सोडवण्याआधी फ्लॅश बंद करून प्लग काढून ठेवा. ट्यूब गार झाल्यावरच काळी टोपी परत बसवा.